मंत्राने सापाचं विष उतरतं का? ‘निसर्गवाद’ काय सांगतो?

पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की भिवंडी तालुक्यातल्या गावांत सर्पदंशाची भीती वाढते. साप चावला तर आधी भगताकडे न्यायचं की दवाखान्यात? या प्रश्नामागे एक जुना तत्त्वविचार आहे, तो म्हणजे निसर्गवाद.

निसर्गवाद म्हणजे काय?

जगात जे घडतं ते निसर्गातल्या कारणांमुळेच घडतं, त्यापलीकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही, असं हा विचार मानतो. आपल्याकडे तो नवा नाही. चार्वाक किंवा लोकायत मताने प्राचीन काळीच परलोक नाकारला होता.

निसर्गवादाचे दोन प्रकार आहेत. तात्त्विक निसर्गवाद म्हणतो, अलौकिक असं काही नाहीच. पद्धतीपुरता निसर्गवाद म्हणतो, देव असो वा नसो, घटनेचं कारण निसर्गात शोधा आणि तपासून बघा. विज्ञान या दुसऱ्या वाटेने चालतं. म्हणूनच रोज देवपूजा करणारे डॉक्टरही सर्पदंशावर इंजेक्शनच देतात.

मग मंत्राने माणसं बरी कशी होतात?

महाराष्ट्रात प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपासून जिवाला धोका असतो. बाकीचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी सापही कधीकधी चावताना विष सोडत नाही. अशी माणसं काहीही न करता वाचली असती, पण श्रेय मंत्राला मिळतं. जे दगावले त्यांच्याबद्दल मात्र ‘वेळ भरली होती’ असं म्हटलं जातं. म्हणजे मंत्र कधी चुकतच नाही!

निसर्गवादी इथे एकच प्रश्न विचारतो: मंत्र म्हटला नसता तर काय झालं असतं?

मण्यार चावली तर अनेकदा वेदना जवळपास होत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. झाडफुकीत जाणारे तास इथे जीव घेऊ शकतात.

कायदा काय म्हणतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. पूजा, वारी, भजन, कीर्तन यांवर बंदी नाही. कायद्याचा रोख श्रद्धेवर नाही, तिच्या आडून होणाऱ्या फसवणुकीवर आणि इजेवर आहे.

साप चावल्यास काय कराल?

• माणसाला धीर द्या, चालायला लावू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका.
• अंगठी, बांगड्या, पैंजण काढा.
• करकचून बांधू नका, कापू नका, विष चोखू नका.
• १०८ ला फोन करा, सरकारी रुग्णालय गाठा आणि सर्पविषावरची लस आहे का, हे वाटेतच विचारून घ्या.

प्रार्थना करायची असेल तर रुग्णवाहिकेत बसूनही करता येते.