उजेडातला पेला

शिवनेरीच्या डोंगरातल्या लेण्यांत एक लहानसा ब्राह्मी शिलालेख आहे. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला, एवढंच त्यात लिहिलंय. इतिहास शिकवत असताना वर्गात सातवाहन राजांची नावं भराभर व्हायची, पण या दानापाशी मी थांबायची. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या जुन्नरात परक्या मुलखाची ओळख सांगणारा एक माणूस राहतो आणि पुण्य जोडायची वेळ येते तेव्हा चारचौघांना बसून जेवता येईल अशी जागा देतो. महाराष्ट्रातल्या बाहेरच्या जेवणाचा इतिहास कुठून सुरू करायचा असं कुणी विचारलं, तर मी या मंडपाकडे बोट दाखवीन.

भिक्षूंच्या पंगतीत मद्य नव्हतं, हे उघड आहे. पण त्या काळी दख्खनच्या पठारावर परदेशी द्राक्षमद्य येत होतं. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या कुंभांचे तुकडे सापडले. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तिच्यात द्राक्षमद्य आहे आणि त्यातही इटलीच्या मद्याला पसंती असल्याची नोंद आहे. पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांतून त्याच बंदराकडे जायचा. पुढे चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला आणि इथे द्राक्षं नि डाळिंबं वर्षातून दोनदा पिकतात, असं लिहून गेला. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडिलांची बाग आठवली, कारण आमच्याकडे वेल वर्षातून दोनदाच छाटतात.

माझं माहेर निफाड तालुक्यात. नाशिक जिल्ह्यात द्राक्षशेती रुजवण्याचं श्रेय ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांना देतात, साल १९२५. युरोपात वेल थंडीत झोपतो, पानं गाळतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आमच्याकडे त्याला झोपू देत नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. दोन छाटण्या आणि पीक एकच, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. वडिलांचं सारं लक्ष मण्याच्या आकारावर असायचं. विरळणी करायची, जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड बुडवायचे, मणी लांबट, टपोरा आणि पातळ सालीचा झाला की व्यापारी खूश. वाइनला नेमकं याच्या उलट लागतं. मणी लहान हवा, साल जाड हवी, बी हवी. म्हणून नाशिकची द्राक्षं आहेत तर नाशिकची वाइन होणारच होती, असं जे सहज बोललं जातं ते मला पटत नाही. शेतकऱ्याला आपली नजरच बदलावी लागली.

पण आधी कायदा आडवा आला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये मुंबई राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. बंदी किती कडक होती, ते बलसारा खटल्यावरून कळतं. एफ. एन. बलसारा या मुंबईकराने न्यायालयात जाऊन व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन, ओ द कलोन आणि लॅव्हेंडर वॉटर जवळ बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क मागितला, कारण कायद्याच्या शब्दांत तेही अडकले होते. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनं मोकळी केली. पिण्याच्या दारूवरची बंदी मात्र उचलून धरली. प्यायची तर परवाना हवा. तो परदेशातून आलेल्यांना मिळे, आणि प्रकृती सांभाळण्यासाठी दारूची गरज आहे असं दाखवणाऱ्यांना मिळे.

माझ्या मते आमच्या टेबलावरच्या वाइनचं सगळं भवितव्य या एका तरतुदीने ठरवलं. जेवणाबरोबर घेण्याची वस्तू म्हणून मद्याचा विचार कायद्याने केलाच नाही. पिणारा एक तर परका, नाहीतर आजारी. दुसरीकडे मुंबईत ‘आंटी’च्या खोल्यांत हातभट्टीची विकली जात राहिली. १९६० मध्ये राज्य दुभंगलं, गुजरातने बंदी कायम ठेवली; महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या काळात ती सैल केली, पण कायदा रद्द केला नाही आणि परवानाही ठेवला. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, हे आज ग्लासासमोर बसलेल्या किती जणांना ठाऊक असतं?

त्यातून परमिट रूम जन्माला आली. काळ्या काचा, मंद दिवे, पडदे, चकण्याच्या बशा. जेवण शेवटी, तेही घाईघाईने. घरच्या माणसांसाठी बाजूला किंवा वरच्या मजल्यावर ‘फॅमिली रूम’, आणि तिथे मात्र दारू मागायची नाही अशी रीत. मी नोकरीला लागले तेव्हा पुरुष सहकारी निवृत्तीच्या पार्ट्यांना खाली बसायचे आणि आम्ही बायका वर जाऊन पनीर नि रोटी मागवायचो. एकदा नवऱ्याबरोबर जेवायला गेले असताना मी वाइन मागवली, तर वेटरने पेला आणून त्याच्यापुढे ठेवला आणि बिलावरही त्याच्यासाठी म्हणूनच लिहिला. तो पोरगा उद्धट नव्हता. त्याला शिकवलेलंच तसं होतं.

दारूने मोडलेली घरं मी पाहिली आहेत. आमच्या तालुक्यात बायकांनी दुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा केल्या, ‘आडवी बाटली’ला मतं दिली, तेव्हा मी त्यांच्या बाजूने उभी होते आणि आजही असेन. पण कायद्याने आणि रिवाजाने मिळून आमच्याकडे पिण्याची जी जागा घडवली, ती अंधारी, बायकामुलांपासून तोडलेली आणि जेवणापासून तुटलेली होती. माणूस तिथे भुकेसाठी जात नसे. घरच्यांच्या नजरेसमोर, पोटभर जेवताना घेतलेला एक पेला आणि पडद्याआड रिकाम्या पोटी रिचवलेली बाटली यांत फरक आहे. हा फरक शिकण्याची संधी माझ्या पिढीला मिळाली नाही.

अशा राज्यात शामराव चौगुलेंनी ऐंशीच्या दशकात नारायणगावला फसफसणारी वाइन करायला घेतली. शँपेन प्रांतातल्या पायपर-हायडसिक या घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि शार्दोने, पिनो न्वारसारख्या जाती सह्याद्रीच्या पायथ्याशी लावल्या. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, महिनोन्‌महिने गार तळघरात ठेवायची, बाटल्या हळूहळू फिरवत मेलेलं यीस्ट गळ्याशी आणायचं, गळा गोठवून तो गाळ काढायचा. ही सगळी जुनी, वेळखाऊ पद्धत जुन्नर तालुक्यातल्या हातांनी आत्मसात केली. भारतात ती वाइन ‘मार्कीझ द पाँपादूर’ या नावाने विकली गेली आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ नावाने. शिवनेरीच्या त्या भोजनमंडपापासून नारायणगाव काही कोसांवर आहे. लंडनच्या रेस्टॉरंटांत आमच्या भागातली बाटली उघडली जात होती तेव्हा नारायणगावच्या हॉटेलात ती कुणी मागवत नसे. २००८ च्या मंदीनंतर चौगुलेंची कंपनी कर्जाखाली बुडाली. शेवट वाईट झाला म्हणून ती सुरुवात विसरली जाते, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला असताना आम्ही दोघं शँपेन प्रांतातली रांस आणि एपर्ने ही गावं पाहून आलो. तळघरं भव्य आहेत, पण मला आठवतं ते एपर्नेतल्या एका साध्या रेस्टॉरंटमधलं रविवारचं जेवण. भर दुपार होती, खिडक्यांतून ऊन येत होतं. शेजारच्या टेबलावर आजी, लेक, सून आणि नातवंडं. डुकराचं मांस, कोबी आणि बटाटे घालून केलेला तिकडचा रस्सा, पोते शांपेन्वाझ, मोठ्या भांड्यातून आला. मग शाऊर्सचं मऊ चीज. आजीच्या पेल्यात वाइन होती, सुनेच्याही होती, आणि तिकडे कुणी वळून पाहत नव्हतं. मालकीणबाईंनी यादी आणून दिली ती गावांच्या नावांनी लावलेली होती. हे अमुक गावचं, हे टेकडीच्या पलीकडच्या बाजूचं. किंमत त्या नावांच्या पुढे.

गावाची ही नावं यादीत सुखासुखी आलेली नाहीत. १९११ मध्ये मार्न खोऱ्यातले बागाईतदार पेटून उठले. व्यापारी बाहेरून, ल्वारकडून नि दक्षिणेकडून स्वस्त माल आणून शँपेन म्हणून विकत होते आणि स्थानिक द्राक्षाला भाव नव्हता. आय गावात तळघरं फोडली गेली, वाइन रस्त्यांवरून वाहिली, सैन्य बोलवावं लागलं. दक्षिणेकडच्या ओब भागातल्या शेतकऱ्यांना सरकारने प्रांताच्या हद्दीबाहेर ठेवलं होतं, तेही चिडून रस्त्यावर आले. हद्दीचा तो वाद १९२७ च्या कायद्याने मिटला आणि १९३५ मध्ये फ्रान्सभर लागू होणारी मूळस्थानाची नियमव्यवस्था आली. ज्या चीजचा तुकडा मी खाल्ला ते शाऊर्स याच ओबमधलं. निफाडच्या मुलीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. भाव पाडणारा व्यापारी आम्ही अंगणात पाहिलेला आहे.

आमच्याकडे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली आणि निफाड तालुक्यात विंचूरला, सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे केले. त्याआधीच राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर परतले होते. केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियातल्या वाइनतज्ज्ञाला घेऊन त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां लावलं. त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. अकलूजकडे मोहिते-पाटील आणि इटालियन भागीदारांची फ्रातेल्ली वायनरी नंतर उभी राहिली. मध्ये पडझडही झाली. मंदीत मागणी घटली तेव्हा आमच्या भागातल्या अनेकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षाची थॉमसन जात लावली. माझ्या चुलतभावाने उपटली. मला वाईट वाटलं, पण त्याचं गणित चूक नव्हतं.

तरी २००५ मध्ये सुलाने वायनरीतच लोकांसाठी टेस्टिंग रूम उघडली, तिला मी इतिहासातला खरा टप्पा मानते. धरणाकडे तोंड करून मोठा सज्जा, भरपूर उजेड, समोर बाग, आणि टेबलांवर बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. वाइन इथे खाण्याबरोबर येते आणि ती कुठल्या मातीत पिकली ते खुर्चीतून दिसतं. पुढे इतर वायनऱ्यांनीही रेस्टॉरंटं काढली. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि निर्णय अमलात आला नाही. मला त्याची फारशी खंत नाही. किराणा दुकानातली बाटली घरी कशी प्यायली जाईल हे कुणी सांगू शकत नाही. रेस्टॉरंटच्या टेबलावर रीत तयार होते.

रीत तयार व्हायला मात्र आपलं ताट समजून घ्यायला हवं. फ्रेंच जेवण एकामागून एक येतं, म्हणून प्रत्येक पदार्थाला वेगळी वाइन जोडता येते. आपल्या ताटात भाजी, आमटी, कोशिंबीर, लोणचं, ठेचा सगळं एकदम वाढलेलं. एकाच वाइनला या सगळ्यांशी जुळवून घ्यावं लागतं. माझा अनुभव असा की किंचित गोडवा असलेली नाशिकची शेनँ ब्लां हे सगळ्यांत चांगलं करते. पिठलं-भाकरी आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर ती तिखट झेलते आणि तोंड स्वच्छ करते. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लां. तांबड्या रश्श्यासमोर तुरट शिराझ टिकत नाही, तिखट आणि तुरट एकमेकांना वाढवतात, तिथे गार रोझे घ्यावी. पुरणपोळीला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनँ, आणि तूप कमी करू नये.

हल्ली नाशकात, पुण्यात जेवायला गेले की मी यादी मागवते. तिच्यात बहुतेक वेळा ‘रेड’, ‘व्हाइट’ आणि कंपनीचं नाव एवढंच असतं. रेड वाइन मे महिन्यात खोलीच्या तापमानावर म्हणजे जवळजवळ कोमट येते. मी ती दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगते आणि बहुतेक ठिकाणी आता ते आनंदाने ठेवतात. मग मी विचारते, द्राक्षं कुठल्या गावची? दिंडोरीची, निफाडची, की अकलूजची? तोडणी जानेवारीत झाली की मार्चमध्ये? उत्तर क्वचित मिळतं. माझी मागणी आहे की यादीत गावाचं नाव छापावं, तोडणीचा महिना छापावा, आणि जमलं तर बागाईतदाराचंही नाव द्यावं. विंचूरला ज्याने ऑक्टोबर छाटणी केली, पहाटेच्या गारव्यात घड तोडले, त्याच्या गावाला आमच्या रेस्टॉरंटच्या यादीत आयच्या बरोबरीने जागा मिळायला हवी.