औषधजन्य हृदयविषाक्तता आणि फळांचे अर्क

औषधजन्य हृदयविषाक्तता म्हणजे एखाद्या औषधाच्या दुष्परिणामामुळे हृदयाच्या स्नायूंना होणारी इजा. ती रोखण्यासाठी आवळा, डाळिंब, कोकम, द्राक्षबी इत्यादींच्या अर्कांचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड (स्थापना १९५४) या सरकारी कंपनीत १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीच्या मातीतील स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून तेथे हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले गेले. याच प्रजातीतील, इटलीत सापडलेल्या दुसऱ्या जिवाणूच्या उत्परिवर्तित वाणापासून डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध मिळाले. ते प्रभावी असले, तरी एकूण मात्रा वाढते तसा हृदयाला धोका वाढतो. २००३ मधील एका विश्लेषणानुसार, शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम मात्रेनंतर सुमारे ५ टक्के, तर ५५० मिलिग्रॅमनंतर सुमारे २६ टक्के रुग्णांत हृदय निकामी होण्याची शक्यता आढळली.

कार्यपद्धती

डॉक्सोरुबिसिनमुळे पेशींत ऑक्सिजनचे मुक्त मूलक तयार होतात व तंतुकणिकांना इजा होते. हृदयपेशींत कॅटलेज हे संरक्षक विकर कमी असल्याने ही हानी तेथे अधिक होते. फळांतील पॉलिफेनॉल, टॅनिन व अँथोसायनिन हे घटक मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात, असे मानले जाते. कोकमातील गार्सिनॉलही ऑक्सिडीकरणरोधक आहे.

संशोधन

प्रयोगांत उंदरांना डॉक्सोरुबिसिन किंवा आयसोप्रोटेरेनॉल टोचून हृदयाला इजा केली जाते. काही गटांना अर्क देऊन रक्तातील ट्रोपोनिन, सीके-एमबी व एलडीएच यांचे प्रमाण आणि हृदयाच्या ऊतींचे छेद तपासले जातात. आवळा, डाळिंब आणि द्राक्षबी यांच्या अर्कांनी अशी इजा कमी झाल्याचे प्राण्यांवरील अथवा पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे.

मर्यादा

उंदरांतील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. फळाचा वाण, हंगाम व अर्क काढण्याची रीत यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते. ऑक्सिडीकरणरोधक पदार्थ कर्करोगाच्या पेशींनाही वाचवतील, ही शंका कायम आहे. ग्रेपफ्रूटचा रस तर आतड्यातील विकर रोखून काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतो. म्हणून रसायनोपचार चालू असताना अर्क, चूर्ण किंवा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. हृदयरक्षणासाठी डेक्सराझोक्सेन हे मान्यताप्राप्त औषध निवडक रुग्णांत वापरले जाते. फळांचे अर्क त्याला पर्याय ठरलेले नाहीत.