गळ, गरी आणि राजाचा विनोद

गळ टाकून मासे धरायची हौस ही साहेबाची, आपल्याकडे ती कुठून असणार, असं परवा आमच्या घरात ठासून सांगितलं गेलं. सांगणारा माझा नातू. त्याच्याकडे फायबरची काठी, चकचकीत रीळ आणि प्लॅस्टिकचे खोटे मासे आहेत, म्हणजे अधिकार आलाच! पण मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. मला ‘मानसोल्लास’ आठवला.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ ओवीमुळे माहीत असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास तो संस्कृतात रचला. त्यात राजाने मन रमवायला काय काय करावं ते सांगताना ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरणच आहे. इथे विनोद म्हणजे करमणूक. नदीतले मासे कोणते, समुद्रातले कोणते, त्यांना काय खाऊ घालावं, काठी नि दोरी कशी असावी, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा ते अभ्यासकांच्या नजरेत भरलं. अमेरिकेतल्या कॅटालिना बेटाजवळ चार्ल्स होल्डर यांनी काठीने १८३ पौंडांचा ट्यूना ओढला तो १८९८ साली. समुद्रातल्या या खेळाची सुरुवात पुष्कळजण तिथून मोजतात. मोजोत बापडे.

गंमत अशी, की आपल्या कीर्तनात गळाला लागलेला मासा येतो तो जिभेचा मोह दाखवायला. दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंत मासाही आहे. राजाला जी करमणूक, ती साधूला ताकीद. आणि ज्याचं पोट माशावर चालतं त्याला दोन्ही नाही!

हे तिसरं मला रेवदंड्याच्या खाडीत कळलं. सत्तरी उलटल्यावर मी पहिल्यांदा गरवायला गेले. नाखव्याने दुपारी एकला धक्क्यावर बोलावलं होतं. तिथी पंचमी. शाळेत मुलांकडून घोकून घेतलेला हिशेब आठवला: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. नाखव्याला सांगितलं तर तो नुसता हसला. त्याला गुणाकार करावा लागत नाही.

समोर कोर्लईचा डोंगर आणि पोर्तुगीजांचा किल्ला, खाली कुंडलिकेचं गढूळ पाणी. नातवाने माझ्या हातात काठी दिली. नाखव्याकडे काठी नव्हतीच. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, शिशाचं वजन आणि गरीला टोचलेली जिवंत कोळंबी. दोर बोटावर धरून तो बसला होता. माझ्या काठीला पहिला लागला तो शिंगाळा. मी कौतुकाने हात पुढे केला तर नाखवा ओरडला, “बाय, हात नको लावू! काटा मारील.” माझी नवशिकेपणाची परीक्षा तिथेच झाली.

मग नातवाला जिताडा लागला. चांगला तीन फुटी! वीसएक मिनिटं झटापट, मग होडीवर मापन, फोटो, आणि नातवाने तो हळूच पाण्यात सोडून दिला. नाखव्याचा चेहरा मी पाहिला. तो काही बोलला नाही.

जिताडा म्हणजे रायगडातला मानाचा मासा. खाडीतली पिल्लं आणून खाजणाकाठच्या तळ्यात वाढवायची, आणि पाहुणा आला की काढायची, ही अलिबाग-पेणकडची जुनी रीत. साहेबाकडे काम अडलं की त्याच्या घरी जिताडा पोचतो, असंही लोक म्हणत. हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून हौशी गळवाल्यांचा लाडका. तो जन्मतो तेव्हा नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा बहुधा मादीच, लाखो अंडी देणारी. क्वीन्सलंडच्या समुद्रात आणि खाड्यांत १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही, तो याचसाठी. नातू हे सगळं जाणून होता, आणि त्याचं बरोबरच होतं.

पण मासा कोणाच्या खाडीतला? कुठे टाकायचा, पाणी कधी फिरेल, हे ज्ञान नाखव्याचं. आमच्यासाठी सुटला तो खेळ, त्याच्यासाठी सुटली ती आठवड्याची मिळकत. सोमेश्वराच्या दरबारात मासे शोधून देणारे कोळी असतीलच की. त्यांना काय मिळत होतं?

आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, तेव्हा आम्हीही नारळी पौर्णिमेनंतरच जाणार. भाडं मात्र नव्याने ठरवायला मी नातवाला सांगितलंय. सोडलेल्या माशासकट.