गोरिला मॉन्सून यांचा आवाज
अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या समालोचकांत गोरिला मॉन्सून (१९३७–१९९९) आम्हांला विशेष प्रिय. मूळ नाव रॉबर्ट मरेला, जन्म न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचा. साठच्या दशकात आयोजकांनी त्यांना इंग्रजी न येणाऱ्या मांचुरियन राक्षसाची भूमिका दिली. ऐंशीच्या दशकात याच ‘मुक्या’ राक्षसाने कुस्तीला भाषा दिली. डोक्यामागे फटका बसला, तर ते तेथील हाडाची शास्त्रीय संज्ञा गंभीरपणे उच्चारीत. खलनायकांची तळी उचलणारे सहसमालोचक बॉबी हीनन यांना ते सतत खडसावीत. मॉन्सून गेले, तेव्हा हीनन प्रतिस्पर्धी कंपनीत होते. तरीही त्यांनी तिच्याच प्रक्षेपणात मित्राला श्रद्धांजली वाहिली. निकाल आधीच ठरलेल्या या खेळात तो स्नेह मात्र खरा होता, असे आम्ही मानतो.