मांजरांमधील लसस्थानीय अर्बुदे आणि शस्त्रक्रियेचा बदलता विस्तार

१९९१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुविकृतिशास्त्रज्ञ मॅटी हेंड्रिक व मायकेल गोल्डश्मिट यांनी अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकास एक छोटे पत्र लिहिले. लस टोचलेल्या जागी होणाऱ्या दाहातून मांजरांत सार्कोमा उद्भवतो काय, असा त्यांचा प्रश्न होता. तपासणीसाठी येणाऱ्या नमुन्यांत लस टोचण्याच्या जागच्या गाठींचे प्रमाण वाढले होते. आणि पेनसिल्व्हेनियात १९८७ पासून मांजरांना रेबीजची लस टोचणे कायद्याने सक्तीचे झाले होते. माणसाच्या रक्षणासाठी केलेला कायदा प्राण्याच्या जिवावर उठतो की काय, अशी ही शंका होती. गाठींभोवतीच्या भक्षकपेशींत लसीतील ॲल्युमिनियम आढळल्याने ती बळावली. पुढे दीर्घकालीन दाह हेच मूळ मानले गेले आणि लसीखेरीज इतर इंजेक्शनेही संशयाच्या कक्षेत आली.

शस्त्रवैद्यांना या गाठीने प्रथम चकविले. ती हाताला सुटी, वेष्टनबद्ध लागते; म्हणून मेदाच्या गाठीप्रमाणे ती सोलून काढली जाई. वस्तुतः ते वेष्टन आभासी असते व पेशींचे तंतू स्नायूंच्या आवरणांतून दूरवर पसरलेले असतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ६१ मांजरांच्या अभ्यासात पहिल्या शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा उद्भवण्याचा मध्यक काळ अवघा ९४ दिवस होता. सामान्य दवाखान्यात तो ६६, तर विशेषोपचार केंद्रात २७४ दिवस भरला. हा फरक केवळ हातकौशल्याचा नव्हता. पहिल्याच वेळी किती निरोगी ऊती काढून टाकण्याची तयारी होती, याचाही होता.

दरम्यान १९९६ मध्ये अमेरिकेत या अर्बुदांसाठी स्वतंत्र कृतिदल स्थापन झाले होते. लस टोचल्यानंतर गाठ ३ महिने टिकली, २ सेंटिमीटरहून मोठी झाली वा १ महिन्यानंतरही वाढत राहिली, तर तिचा तुकडा तपासावा, हा नियम त्यातून रूढ झाला. अधिक बोलकी होती ती जागेविषयीची शिफारस : रेबीजची लस उजव्या व रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूविरोधी लस डाव्या मागील पायात, शक्य तितकी खाली टोचावी. खांद्यांमधील गाठ निःशेष काढणे दुष्कर. पाय मात्र कापता येतो. लस टोचतानाच भावी अवयवच्छेदाचा असा हिशेब करणे कठोर वाटेल. पण लसीकरण थांबविणे हा पर्याय रेबीजपुढे उपलब्धच नव्हता.

२०११ साली ९१ मांजरांवरील मूलगामी शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाठीभोवती ५ सेंटिमीटर व खोलवर स्नायूआवरणाचे दोन थर काढल्यावर त्याच जागी पुनरुद्भव १४ टक्क्यांवर आला. मांजराच्या देहाच्या मानाने ५ सेंटिमीटर फार होतात : त्यात मणक्यांचे कंटक, खांद्याच्या हाडाचा भाग, कधी छातीची भिंतही जाते. त्यानंतर काही वर्षांतच शेपटीच्या टोकाकडे लस टोचण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मांजरांनी ती टोचणी सहन केली, प्रतिपिंडेही तयार झाली. आणि गाठ उद्भवलीच तर शेपूट गमावून पाय वाचविण्याची शक्यता निर्माण झाली.