लसीकरणानंतरही कोविड का होतो?

तंजावर : मार्च 2021 मध्ये तंजावर जिल्ह्यातील शाळांत अनेक विद्यार्थी कोविडबाधित आढळले, तेव्हा त्यांच्या वयोगटासाठी लस उपलब्ध नव्हती, 15 ते 18 वर्षांच्या मुलांचे लसीकरण 3 जानेवारी 2022 रोजी सुरू झाले. मात्र तोवर, लस घेतलेल्यांनाही लागण होते, मग ती घ्यायची कशाला, हा प्रश्न घरोघरी विचारला जात होता.

त्याचे उत्तर तमिळनाडूतच, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील अभ्यासात सापडते. दुसऱ्या लाटेत तेथील दोन्ही मात्रा घेतलेल्या 7,080 कर्मचाऱ्यांपैकी 679 जणांना, म्हणजे 9.6 टक्के व्यक्तींना, संसर्ग झाला. संसर्गापासून संरक्षण 65 टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून 77 टक्के, तर अतिदक्षता विभागात जाण्यापासून 94 टक्के आढळले. अभ्यासकाळात मृत्यू पावलेल्या एकमेव कर्मचाऱ्याने लस घेतलेली नव्हती.

विषाणूला प्रवेशाच्या वेळीच अडवणारी प्रतिपिंडे काही महिन्यांत घटतात. गंभीर आजार रोखणारी पेशींची स्मृती अधिक टिकते. ओमिक्रॉनसारखे बदललेले प्रकार प्रतिपिंडांना चकवतात, म्हणून एकदा कोविड होऊन गेलेल्यांनाही तो पुन्हा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी किमान 102 दिवसांच्या अंतराने दोनदा चाचणी बाधित आणि मधली चाचणी निगेटिव्ह, हा पुनर्संसर्गाचा निकष वापरला होता.