आधार कार्ड म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा आहे का? नवा परदेशी नागरिक कायदा काय सांगतो?

धाराशिव जिल्ह्याला ना देशाची सीमा लागून आहे, ना समुद्र. तरीही १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’चा संबंध तुळजापूरच्या लॉजपासून ऊसतोड मजुरांच्या कोपीपर्यंत येऊ शकतो. कसा, ते समजून घेऊया.

कायदा नेमका काय आहे?

१९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे रद्द करून हा एकच कायदा आणला गेला. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय भारतात आल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बनावट कागदपत्रं वापरल्यास २ ते ७ वर्षं कैद आहे.

लॉज, कॉलेज, हॉस्पिटलने काय करायचं?

परदेशी व्यक्ती मुक्कामाला आली, तिने प्रवेश घेतला किंवा ती उपचारासाठी दाखल झाली, तर त्याची माहिती सरकारला द्यावी लागते. इथे जबाबदारी माहिती कळवण्याची आहे. उपचार नाकारा, असं कायदा म्हणत नाही.

भारतीय माणसाला याचं काय?

एखादी व्यक्ती परदेशी आहे की नाही, असा प्रश्न उभा राहिला तर ‘मी परदेशी नाही’ हे तिनेच सिद्ध करायचं असतं. १९४६ च्या कायद्यातही हेच होतं. मात्र कोणालाही उगाच संशयावरून असं विचारता येत नाही, त्यासाठी प्रशासनाकडे आधी काहीतरी ठोस माहिती हवी, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं.

मग आधार चालतं का?

नाही. आधार कायद्यातच ते नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचं म्हटलं आहे. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असं मुंबई हायकोर्टानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यांसाठी साधारणपणे जन्माचं ठिकाण पुरेसं असतं. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांचं नागरिकत्वही बघितलं जातं.

अडचण कोणाची?

हंगामात गाव सोडून जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची. बाळ फडावर, परजिल्ह्यात जन्मलं आणि नोंद राहिली, तर पुढे अडतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

आता काय करायचं?

जन्माची नोंद २१ दिवसांत होते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. ती जिथे जन्म झाला तिथल्याच निबंधकाकडे करायची असते, गावी परतल्यावर नाही. एक वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये ही प्रक्रिया आणखी कडक केली आहे. जुनी नोंद शोधायची असेल तर शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि गाव नमुना १४ आधी तपासा. त्यावर ‘उस्मानाबाद’ लिहिलेलं असलं, तरी तेवढ्याने कागद बाद होत नाही.